कुत्र्याचे मिटलेले डोळे हा पुरावा नव्हे

बारा वर्षांचा एक लॅब्रॅडॉर सतरंजीवर आडवा पडला आहे. त्याच्या मागच्या मांड्यांवरून सराईत हात संथपणे फिरत आहेत. कुत्र्याचे डोळे मिटले आहेत, श्वास लांबला आहे, शेपटीचे टोक अधूनमधून हलते आहे. हे दृश्य मोबाइलवर टिपणाऱ्या मालकाच्या चेहऱ्यावर कृतार्थता आहे. थोड्याच वेळात ती चित्रफीत समाजमाध्यमावर येते आणि तिच्याखाली ओळ असते: 'एका सत्रात वेदनामुक्ती'.

अशा चित्रफिती आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. दिल्ली, मुंबई, बंगळुरू, पुणे या शहरांत पाळीव प्राण्यांच्या सेवांचा बाजार झपाट्याने वाढला आहे. अंघोळ, केस कापणे, नखे काढणे या सेवांच्या शेजारी 'श्वान मसाज थेरपी' अशी पाटी लागू लागली आहे. काही ठिकाणी तिला आयुर्वेदाची जोड दिली जाते, काही ठिकाणी परदेशी प्रमाणपत्राची. दर सत्रागणिक ठरतो, सत्रांची पाकिटे विकली जातात आणि सांधेदुखीपासून फटाक्यांच्या भीतीपर्यंत सर्वांवर हाच उतारा असल्याचे सांगितले जाते.

त्या चित्रफितीतून नेमके काय सिद्ध झाले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. सिद्ध झाले ते एवढेच की त्या घटकेला कुत्र्याला तो स्पर्श आवडला. त्याच्या खुब्याच्या सांध्याची झीज थांबली काय, वेदना उद्या सकाळी कमी असेल काय, ती वेदना सांध्याचीच होती काय, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिटलेल्या डोळ्यांत नसते.

येथे एक भेद आरंभीच स्पष्ट केला पाहिजे. आक्षेप मालिशीवर नाही. आक्षेप आहे तो 'थेरपी' या शब्दावर. मालिश ही मायेची कृती आहे आणि तिला कोणाच्या परवानगीची गरज नाही. उपचार हा मात्र दावा असतो. त्याच्या आधी निदान असते, त्याची मात्रा ठरलेली असते, तो कोणाला द्यावा यापेक्षा कोणाला देऊ नये याचे ज्ञान अधिक महत्त्वाचे असते आणि त्याचा परिणाम मोजता येतो. जो शब्द पैसे घेताना वापरला जातो, त्या शब्दाचे ओझेही वाहिले पाहिजे.

या बाजूचे श्रेय आधी मान्य करणे न्यायाचे होईल. स्पर्शसुख ही कविकल्पना नाही. 2013 मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील डेव्हिड अँडरसन यांच्या गटाने उंदरांच्या केसाळ त्वचेतील अशा चेतातंतूंचे वर्णन केले की जे हळुवार कुरवाळण्यालाच प्रतिसाद देतात, टोचण्याला नाही. हे तंतू कृत्रिमरीत्या उद्दीपित केले तेव्हा उंदरांनी त्या अनुभवाची जागा पसंत केली. सस्तन प्राण्यांना मायेचा हात का हवासा वाटतो, याला शरीररचनेचा आधार आहे तो असा.

माणसाच्या स्नायूंवरील मालिशीचाही अभ्यास झाला आहे. 2012 मध्ये कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी अकरा तरुणांना थकेपर्यंत सायकल चालवायला लावली. नंतर प्रत्येकाच्या एका पायाला दहा मिनिटे मालिश केली, दुसऱ्या पायाला केली नाही, आणि दोन्ही पायांच्या स्नायूंचे सूक्ष्म तुकडे तपासले. मालिश केलेल्या पायात दाहाशी निगडित संकेत कमी आढळले. प्रयोगाची मांडणी विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे: त्याच माणसाचा दुसरा पाय हीच तुलना. हाच प्रयोग आणखीही काही सांगून गेला. लॅक्टेटच्या प्रमाणात मालिशीने काहीही फरक पडला नव्हता.

भारतीय परंपरेलाही प्राण्यांच्या अंगावरून फिरणारा हात परका नाही. तबेल्यातला मोतद्दार घोड्याला रोज खरारा करी. केरळात कर्कटक महिन्यात हत्तींची सुखचिकित्सा चालते. पण खरारा करणाऱ्या हाताचे खरे मोल कशात होते? पायाची एखादी शीर तापली आहे, एखाद्या जागी सूज आहे, घोडा एका बाजूला दाबू देत नाही, हे त्या हाताला सर्वांत आधी कळे. कळल्यावर तो हात थांबे आणि अश्ववैद्याला बोलावणे जाई. आजच्या पाटीवरच्या हाताने हे थांबणे सोडून दिले आहे आणि वादाचे मूळ तिथे आहे.

आता बाजारातील दावे एकेक करून पाहावेत.

पहिला दावा: मालिशीने स्नायूंत साचलेले लॅक्टिक आम्ल बाहेर पडते. हे विधान इतक्या ठिकाणी आढळते की ते खरेच असावे असे वाटू लागते. वास्तविक व्यायाम थांबल्यावर रक्तातील लॅक्टेट साधारण तासाभरात आपोआप पूर्वपदावर येते. हृदय, यकृत आणि इतर स्नायू त्याचा इंधन म्हणून वापर करतात. दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीशी त्याचा संबंध नसतो. 2010 मध्ये कॅनडातीलच क्वीन्स विद्यापीठात बारा जणांवर झालेल्या प्रयोगात तर उलटे दिसले. मुठीच्या व्यायामानंतर हाताला मालिश केली असता स्नायूतील रक्तप्रवाह दाबामुळे तेवढा वेळ अडला आणि लॅक्टिक आम्लाचा निचरा मंदावला. बारा तासांपूर्वी बागेत धावून आलेल्या कुत्र्याच्या स्नायूंतून लॅक्टिक आम्ल 'पिळून काढणारे' हात नसलेली वस्तू काढत असतात.

दुसरा दावा: शरीरातील विषद्रव्ये निघून जातात. कोणती विषद्रव्ये, हे कधीच सांगितले जात नाही. कारण नाव सांगितले की रक्ततपासणीत ते मोजता येईल आणि मोजता आले की दावा पडेल. कुत्र्याच्या शरीरात हे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात, आणि ती निकामी होऊ लागली तर त्वचा चोळून ती पूर्ववत होत नाहीत.

तिसरा दावा अधिक गंभीर आहे, कारण तो खरा असण्याची शक्यता आहे: सांध्यांच्या झिजेने होणाऱ्या वेदना कमी होतात. त्याचा विचार पुराव्याच्या आधारेच झाला पाहिजे. 2021 मध्ये 'व्हेटरिनरी रेकॉर्ड' या ब्रिटिश नियतकालिकात पाचशेहून अधिक कुत्र्यांच्या नोंदींवर आधारित अभ्यास आला. मालिशीनंतर वेदनेची लक्षणे घटल्याचे त्यात नोंदले होते. अभ्यास उपयुक्त आहे, पण त्याची मर्यादा त्याच्या रचनेतच आहे. तुलनेसाठी मालिश न मिळालेला गट नव्हता, आणि सुधारणा झाली की नाही हे ठरवण्यात खुद्द मालिश करणाऱ्यांच्याच नोंदींचा आधार होता. परीक्षार्थ्यानेच उत्तरपत्रिका तपासावी तशी ही रीत. 2022 मध्ये स्वीडन व फिनलंडमधील संशोधकांनी प्राण्यांच्या मृदू ऊतींवरील हस्तोपचारांचे उपलब्ध संशोधन पद्धतशीरपणे चाळले. निष्कर्ष असा की पुरावा तोकडा आहे आणि जो आहे त्यात पूर्वग्रहाचा धोका मोठा आहे. म्हणजे मालिश निरुपयोगी ठरली असे नव्हे. ती अजून पुरेशी तपासलीच गेलेली नाही. मात्र न तपासलेल्या गोष्टीची खात्री विकणे, याला विज्ञानाच्या भाषेत एकच नाव आहे आणि ते फारसे शोभादायक नाही.

याच ठिकाणी हमखास एक युक्तिवाद केला जातो: 'माणसाला प्लासिबोने बरे वाटू शकते, पण कुत्र्याला कुठे ठाऊक असते की त्याच्यावर उपचार चालू आहेत? तेव्हा कुत्र्यातली सुधारणा खरीच असणार.' युक्तिवाद चतुर आहे आणि पूर्णतः फसवा आहे. कुत्र्याला प्लासिबो होत नसेल, पण कुत्र्याविषयी बोलतो कोण? मालक. आणि मालकाला तो खुशाल होतो.

याचे मोजमाप झालेले आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे मायकेल कॉन्झेमियस आणि त्यांचे सहकारी यांनी 2012 मध्ये एक साधा पण मर्मभेदी अभ्यास प्रसिद्ध केला. सांध्यांची झीज झालेल्या 58 कुत्र्यांना एका औषधचाचणीत औषधाऐवजी निष्क्रिय गोळी मिळाली होती. कुत्रा प्रत्येक पायावर किती भार टाकतो, हे जमिनीत बसवलेल्या भारमापक पाटाने नोंदवले होते. हा पाट कोणाच्याही मायेत अडकत नाही. त्याचे आकडे आणि माणसांची मते यांची तुलना केली तेव्हा दिसले की लंगडणे कमी झाल्याचा भास मालकांना निम्म्याहून अधिक वेळा झाला होता. त्याहून बोचरी गोष्ट ही की प्रशिक्षित पशुवैद्यही 40 ते 45 टक्के वेळा त्याच भ्रमाला बळी पडले होते.

हे आकडे मालकांच्या मूर्खपणाचे नाहीत, मायेचे आहेत. पैसे भरले, वेळ दिला, जीव लावला, मग डोळे सुधारणा शोधू लागतात. म्हणूनच मुक्या प्राण्याच्या बाबतीत पुराव्याची कसोटी सैल नको, अधिक कडक हवी. माणूस निदान सांगू तरी शकतो की 'डॉक्टर, काही फरक नाही.' कुत्र्याचे म्हणणे मांडायला न्यायालयात दुसरा साक्षीदार नसतो. जो आहे तो आधीच एका बाजूने झुकलेला असतो.

यात आणखी एक सापळा दडलेला आहे. सांधेदुखी एकाच पातळीवर राहत नाही, ती चढते आणि उतरते. लखनौ किंवा दिल्लीतला म्हातारा जर्मन शेफर्ड पौषातल्या थंडीत सकाळी उठेनासा होतो. मालक नेमक्या त्याच आठवड्यात मालिश करणाऱ्याला बोलावतात, कारण दुखणे तेव्हा टोकाला गेलेले असते. सहा आठवड्यांनी फाल्गुनाचे ऊन पडते आणि कुत्रा जिना चढू लागतो. श्रेय कोणाला द्यायचे, हातांना की सूर्याला? मधल्या काळात पशुवैद्याने दिलेली वेदनाशामक गोळीही चालूच होती, फिरणेही कमी केले होते. तुलनेचा गट नसेल तर या चौघांतला खरा उपकारकर्ता कोण, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

'मान्य, पुरावा कमी आहे. पण तोटा तरी काय?' हा पुढचा प्रश्न असतो. तोटा आहे आणि तो भारतात विशेष आहे.

भारतात कुत्र्यांच्या अंगावर गोचीड आढळणे ही रोजची गोष्ट. गोचिडांतून एर्लिकिया, बॅबेसिया यांसारखे रोगजंतू शरीरात शिरतात. कुत्रा मरगळतो, चालायला नाखूश होतो, अंगाला हात लावू देत नाही. वरवर पाहता हे 'अंग आखडणे' वाटते. एर्लिकियाच्या संसर्गात रक्तातील प्लेटलेट घटतात आणि त्वचेखाली रक्तस्राव होऊ लागतो. अशा कुत्र्याला खोल दाबाची मालिश देणे म्हणजे काय, हे सांगायला पदवी लागत नाही. रक्ताची साधी तपासणी आणि वेळेवर सुरू केलेले प्रतिजैविक त्याचा जीव वाचवू शकते. मालिशीच्या चार सत्रांत तोच वेळ निघून जातो.

डॅशहुंड किंवा पग यांच्यासारख्या जातींत मणक्यांमधली चकती सरकण्याचा धोका अधिक असतो. पाठ धरलेल्या अशा कुत्र्याच्या कण्यावर अजाणतेपणी दाब पडला तर मागचे पाय लुळे पडण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकते. मोठ्या जातींच्या कुत्र्यांत सततच्या लंगडण्यामागे हाडाचा कर्करोग असू शकतो. पोखरलेले हाड बाहेरून शाबूत दिसते आणि थोड्या जोरानेही मोडते. हे सगळे हाताला लागत नाही. ते क्ष-किरण प्रतिमेत, रक्तात आणि चेतासंस्थेच्या तपासणीत दिसते.

हात जेथे 'गाठ' शोधतो, तेथे रोग असेलच असेही नाही. निरोगी कुत्रा उभा असताना शरीराचा सुमारे 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो. मागचा खुबा दुखू लागला की तो आणखी भार पुढे ढकलतो. परिणामी मान आणि खांदे ताठरतात. मालिश करणारा प्रामाणिकपणे खांद्यावरचा ताण मोकळा करतो, कुत्र्याला तेवढ्यापुरते बरेही वाटते, आणि दुखरा खुबा तसाच झिजत राहतो. धूर पुसला म्हणून चूल विझत नाही.

तेलांचाही प्रश्न आहे. कुत्रा अंगाला लागलेले सर्व चाटतो. माणसासाठी सुगंधी म्हणून वापरले जाणारे टी ट्री तेल कुत्र्यांना विषारी ठरते. माणसाच्या दुखण्यावरचे तीव्र वासाचे मलमही पोटात गेल्यास घातक ठरू शकते. शिवाय दुखऱ्या जागी हात लागताच शांत कुत्राही चावतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील रेबीजमृत्यूंपैकी 36 टक्के ज्या देशात होतात, त्या देशात हा व्यवसाय करणाऱ्याने स्वतःचे प्रतिबंधक लसीकरण केलेले असणे ही पहिली अट हवी. पाटीवर ती क्वचितच दिसते.

यावर कोणी म्हणेल की मग म्हाताऱ्या कुत्र्यासाठी काहीच करू नये काय? करावे, आणि जे सिद्ध झाले आहे ते आधी करावे. अमेरिकेतील 48 लॅब्रॅडॉरांवर आयुष्यभर चाललेला एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा खर्च एका पशुखाद्य कंपनीने केला होता. एकाच वेतातील पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी अन्न दिले गेले. कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान 13 वर्षे भरले, दुसऱ्यांचे 11.2 वर्षे. सांध्यांच्या झिजेवर उपचार करण्याची वेळही त्यांच्यावर उशिरा आली. 2010 मधील एका छोट्या अभ्यासात सांधेदुखी असलेल्या चौदा लठ्ठ कुत्र्यांचे वजन उतरवले गेले. घट सहा टक्क्यांच्या पुढे गेल्यावर लंगडणे कमी झाले, आणि आणखी थोडे वजन उतरल्यावर भारमापक पाटानेही त्याला दुजोरा दिला.

म्हणजे सर्वांत खात्रीचा उपाय कुत्र्याच्या वाटीत आहे. दुपारची बिस्किटे, जेवणातली उरलेली तुपाची पोळी, 'बघते कशी केविलवाणी' म्हणून दिलेला चौथा घास, हे बंद करण्याला शुल्क लागत नाही. गुळगुळीत फरशीवर घसरणाऱ्या पायांखाली जुनी सतरंजी अंथरण्याला प्रमाणपत्र लागत नाही. पशुवैद्याने ठरवलेले वेदनाशामक, नियंत्रित फिरणे, स्नायू टिकवणारा व्यायाम यांची जोड दिली की बराच पल्ला गाठता येतो. पण वाटीतला घास कमी करण्याची चित्रफीत कोणी पाहत नाही. बाजाराला शिस्त विकता येत नाही, सुख विकता येते.

कायदा याविषयी काय म्हणतो? भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम 1984 मधील कलम 30 नुसार पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यच करू शकतो. पदविका वा प्रमाणपत्रधारकांना राज्य शासन केवळ किरकोळ सेवांची मुभा देऊ शकते आणि तीही पशुवैद्याच्या देखरेखीखाली. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी ही त्या सेवांची कायद्यातलीच उदाहरणे. मालिशीचा तेथे उल्लेख नाही. माणसांच्या फिजिओथेरपीसह अनेक संलग्न आरोग्यव्यवसायांसाठी 2021 मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय कायदा झाला, पण तो माणसांपुरता आहे. कुत्र्याच्या सांध्यावर हात ठेवणारा माणूस या दोन्ही कायद्यांच्या मधल्या फटीत उभा आहे. 'आम्ही उपचार करत नाही, फक्त आराम देतो' असे तो कायद्यासमोर म्हणतो आणि जाहिरातीत वेदनामुक्तीचे वचन देतो. दोन्हींपैकी एकच विधान खरे असू शकते.

ब्रिटनने ही फट 2015 च्या आदेशाने बुजवली. तेथे प्राण्याला फिजिओथेरपी देता येते, पण प्राणी तपासून ती लिहून देणाऱ्या पशुवैद्याच्या निर्देशाखालीच. मालिश करणाऱ्याला यात कमीपणा नाही. उलट त्याच्या हाताला निदानाचा आधार मिळतो आणि व्यवसायाला प्रतिष्ठा.

पशुवैद्यकालाही या वादात आरशात पाहावे लागेल. मालक मालिशीकडे वळतात ते केवळ जाहिरातीला भुलून नव्हे. अनेकदा दवाखान्यात त्यांना 'वय झाले आहे, आता असेच चालायचे' एवढेच ऐकायला मिळते. वेदनेचे मूल्यमापन, वजनाचा आराखडा, व्यायामाचे वेळापत्रक यांसाठी कोणाजवळ वेळ नसतो. ज्या दारातून विज्ञान माघारी फिरते, त्याच दारातून बाजार आत शिरतो. म्हातारपण हा रोग नाही हे खरे, पण वेदना हा म्हातारपणाचा अटळ भाग आहे असे मानणे हेही अज्ञानच.

'इतक्या चिरफाडीची गरज काय? हेतू तर दयेचा आहे ना?' या शेवटच्या प्रश्नाला भारताच्याच अलीकडच्या इतिहासात उत्तर आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस दुखऱ्या गाईम्हशींना डायक्लोफेनॅक टोचले जाऊ लागले. हेतू निखळ दयेचा होता, औषध स्वस्त होते आणि जनावरांना आरामही पडत होता. त्याच सुमारास राजस्थानातील केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांना गिधाडे नाहीशी होताना दिसू लागली. 2004 मध्ये 'नेचर'मधील संशोधनाने कारण पुढे आणले: डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचे मृतदेह खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती. तोवर गिधाडांच्या काही जातींची संख्या 95 टक्क्यांहून अधिक घटली होती. 2006 मध्ये भारताने त्या औषधाचा पशुवैद्यकीय वापर बंद केला आणि पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम पुढे आले, तेही गिधाडांवर सुरक्षितता तपासल्यानंतर.

मालिशीने गिधाडे मरत नाहीत, हे उघड आहे. पण धडा तोच आहे. दया हा उपचाराचा आरंभ असू शकतो, त्याचा पुरावा असू शकत नाही. प्राण्याच्या वेदनेवरील उपाय 'करून पाहू, बिघडते काय' या वृत्तीने स्वीकारण्याची किंमत या देशाने एकदा मोजली आहे, आणि आधी तपासण्याचे शहाणपणही याच देशाने दाखवले आहे.

ते शहाणपण येथेही दाखवता येईल. इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था, चेन्नईचे तमिळनाडू पशुवैद्यकीय विद्यापीठ, लुधियानाचे गुरू अंगद देव विद्यापीठ, 1886 पासून चालत आलेले मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय, अशा संस्था देशात आहेत. मेरठला सैन्याच्या रिमाउंट व्हेटरिनरी कोअरचे आणि टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचे श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. तेथील कुत्रे एकसारखे खातात, एकसारखे राबतात, त्यांच्या नोंदी ठेवल्या जातात. याहून चांगली प्रयोगभूमी कोणती?

चाचणीची रूपरेषा पदवीच्या विद्यार्थ्यालाही आखता येईल. क्ष-किरणाने झीज निश्चित झालेले कुत्रे घ्यावेत. चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत. एका गटाला ठरलेल्या पद्धतीची मालिश द्यावी, दुसऱ्या गटाजवळ त्याच माणसाने तेवढाच वेळ बसून नुसता हलका हात ठेवावा. वजन, औषधे आणि फिरणे दोन्हीकडे समान ठेवावे. कोणता कुत्रा कोणत्या गटातला, हे मालकाला आणि मोजणाऱ्याला ठाऊक नसावे. पायांवरचा भार पाटावर मोजावा, दिवसभराची हालचाल गळपट्ट्यातील संवेदकाने नोंदवावी. निष्कर्ष मालिशीच्या बाजूने लागला तर तिला उपचाराचा मान आनंदाने द्यावा. विरुद्ध लागला तर पाटी बदलावी. ज्यांना आपल्या हातांवर खरा विश्वास आहे, त्यांनी या चाचणीची मागणी सर्वांत आधी करायला हवी होती.

तोवर तीन गोष्टी पुरेशा आहेत. पशुवैद्याने तपासल्याशिवाय दुखऱ्या कुत्र्याला मालिश नाही. जाहिरातीत बरे करण्याचे, विषद्रव्ये काढण्याचे, औषधे सोडवण्याचे वचन नाही. आणि ताप, सूज, रक्तस्राव, लुळेपणा किंवा नवी गाठ आढळताच हात थांबवून कुत्रा दवाखान्यात. या तीन अटी पाळणारा मालिश करणारा विज्ञानाचा मित्रच आहे. किंबहुना दर आठवड्याला कुत्र्याच्या अंगावरून नीट हात फिरवणारा माणूस रोगाची पहिली खूण पशुवैद्याच्याही आधी ओळखू शकतो, जशी मोतद्दार ओळखत असे.

भारतीय संविधानात 1976 मध्ये मूलभूत कर्तव्यांचा अनुच्छेद 51क समाविष्ट झाला. त्यात प्राणिमात्रांविषयी दयाभाव बाळगण्याचे कर्तव्य सांगितले आहे आणि त्याच्या लगेच पुढच्या खंडात वैज्ञानिक दृष्टिकोन व शोधक बुद्धी यांचा विकास करण्याचे. ही दोन कर्तव्ये शेजारी शेजारी लिहिली गेली, हा योगायोग असेल. पण सतरंजीवर पहुडलेल्या त्या म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरला दोन्हींची गरज आहे. पहिले कर्तव्य त्याला रोज मिळते. दुसरे मात्र अजून त्याच्या वाट्याला आलेले नाही.

#वैज्ञानिकदृष्टिकोन #पशुवैद्यक #श्वानआरोग्य #पुरावाकुठेआहे